काळुरामने फोन कसा ठेवला

काळुराम तरे एकतीस वर्षं खोपटच्या एस.टी. डेपोत मेकॅनिक होता. बाप कोपरीच्या स्वतःच्या मिठागरावर राबला. मिठागर गेलं, जमिनीवर इमारत उभी राहिली आणि काळुरामच्या वाट्याला त्यातले दोन फ्लॅट आले. लोक त्याला जमीनवाला म्हणत. तो स्वतःला मेकॅनिक म्हणे. अर्धवट आवळलेला नट त्याला सहन होत नसे. घरात प्लंबर येऊन गेला की हा पाना घेऊन त्याच्यामागून जाई आणि सगळं पुन्हा एकदा आवळून येई.

चौसष्टाव्या वर्षी तो इंग्रजी बोलायला शिकू लागला. कारण मुलगी.

ऋतिका बंगळूरला नोकरीला होती. तिथेच तिचं राकेशशी जमलं. राकेश नंबियार, केरळातल्या थलश्शेरीचा. मुलगा सरळ, घर चांगलं. अडचण एकच होती. त्याच्या आईवडिलांना हिंदी येत नव्हतं आणि काळुरामच्या घरात मल्याळम कुणाला येणार? दोन घरांमधे इंग्रजीचा तेवढा रस्ता उरला. राकेशची आई, रमणी नंबियार, शाळेत इंग्रजीच शिकवायची. म्हणजे तिकडून रस्ता डांबरी आणि इकडून पायवाट.

लग्न ठरल्यावर पहिला व्हिडिओ कॉल झाला. विहीणबाई हसत हसत खूप बोलल्या. आम्हाला किती आनंद झालाय, ऋतिका किती गोड आहे, असं काहीसं. काळुरामने सगळं नीट ऐकून मान हलवली. कॉल संपल्यावर ऋतिका वैतागली.

"बाबा, त्या एवढ्या आनंदाने बोलत होत्या. तुम्ही नुसती मान हलवलीत!"

"मान हलवली म्हणजे कळलं."

"त्यांना नाही कळत तसं. बोलायला लागतं."

"काय बोलायचं?"

"आपल्याला पण आनंद झालाय असं."

काळुरामला हे समजेना. मुलीचं लग्न ठरलंय, बापाला आनंद होणार नाही तर काय? पण मुलीने सांगितलं म्हणजे काम आलं. आलेलं काम तो टाळत नसे.

नौपाड्यात शुभदा मॅडम राहत. बँकेतून निवृत्त झालेल्या. घराच्या हॉलमधे आठवड्यातून तीन दिवस त्या वयस्कर माणसांना इंग्रजी बोलायला शिकवत. सहाजण होते. बहुतेकांची नातवंडं परदेशात. मॅडम एकेक वाक्य वीस वेळा म्हणून घेत, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. काळुरामला बाई पटली. मेहनत घेणारं माणूस त्याला लगेच ओळखू येई.

तिसऱ्या आठवड्यात भावना सुरू झाल्या. मॅडमनी वहीत रेघ मारायला सांगितली. डावीकडे समोरचा काय म्हणतो, उजवीकडे आपण काय म्हणायचं. चांगली बातमी असेल तर 'वाव, दॅट्स ग्रेट'. वाईट असेल तर 'ओ नो, दॅट्स टेरिबल'. कुणी दमलं असेल तर त्यालाही एक वाक्य. कुणी घाबरलं असेल तर दुसरं.

"आणि हे दोन सेकंदांत आलं पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "गप्प राहिलात तर समोरच्याला वाटतं, यांना काही वाटलंच नाही."

"मॅडम, त्याला आपलं तोंड दिसत नाय का?"

"दिसतं. तरी बोलायचं."

मग जोड्या लावल्या. काळुरामसमोर विमलाबाई आल्या. त्यांनी वहीत बघून इंग्रजीत सांगितलं की माझी मांजर मेली.

"कधी?" काळुरामने विचारलं. "पुरली कुठे?"

विमलाबाई हसत सुटल्या. "अहो तरे, आधी दुःख करा! चौकशी मागून!"

"पण पुरली नसेल तर आधी ते काम नको का करायला?"

मॅडमनी फळ्यावर लिहिलं, आधी भावना, मग प्रश्न. काळुरामने ते वहीत उतरवलं आणि घरी येईपर्यंत त्यावर विचार करत राहिला. त्याच्या माहितीत चांगली बातमी आली की पेढे घेऊन जायचं. वाईट बातमी आली की पायात चपला घालायच्या आणि निघायचं. तिथे काय लागेल ते करायचं. कुणी विचारत नसे तुम्हाला काय वाटलं. आलात म्हणजे वाटलं.

दुसरी गोष्ट मापाची. राकेश फोनवर बोलायचा तेव्हा त्याला नवे पडदेही 'लव्ह' असायचे आणि ऋतिकाही 'लव्ह' असायची. काळुराम बायकोला म्हणाला, "सगल्या नटांना एकच पाना. कसा पुरतो यांना?"

सगुणा म्हणाली, "तुमी शिका गुमान. पोरीचा संसार हाय."

तो शिकला. रोज सकाळी गच्चीवर फेऱ्या मारत डावी बाजू स्वतः म्हणायचा आणि उजवी बाजूही स्वतःच म्हणायचा. खालच्या मजल्यावरचा जगन, डेपोतला त्याचा जुना जोडीदार, जिन्यातून ओरडायचा, "काळ्या, कोन मेला रं आज? कोनाला सॉरी करतोस?"

श्रावणात काळुरामचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी तीन आठवडे प्रवास नको म्हणून बजावलं. चौथ्या दिवशी ऋतिकाचा फोन आला. राकेशचे वडील गेले. सकाळी चहा पिता पिता खुर्चीतून खाली पडले, संपलं. ती राकेशबरोबर थलश्शेरीला निघाली होती.

काळुराम उठला आणि चपला शोधू लागला. सगुणाने त्याला धरून बसवलं. तो जाऊ शकत नव्हता. सगुणाचं माहेर खडवली, त्यापुढे ती एकटी कधी गेली नव्हती. राहिला फोन.

वही वाचता येत नव्हती, एका डोळ्यावर पट्टी आणि दुसऱ्यातही मोतीबिंदू. त्याने शुभदा मॅडमना फोन लावला. त्यांनी चार वाक्यं सांगितली. तुमच्या दुःखात सहभागी आहे, हे तुमच्यासाठी फार अवघड असणार, काही लागलं तर सांगा, आम्ही तुमच्याबरोबर आहोत. आणि शेवटी नेहमीचं, 'टेक केअर, बाय'. काळुरामने पडल्या पडल्या दुपारभर घोकलं. चारही वाक्यं न अडखळता यायला लागली तेव्हा ऋतिकाला सांगितलं, आता दे त्यांना फोन.

विहीणबाई फोनवर आल्या. काळुरामने पहिलं वाक्य म्हटलं. स्वच्छ आलं. दुसरं आलं. त्या रडू लागल्या. रडता रडता त्या सकाळचं काही सांगत होत्या. चहा, पेपर, खुर्ची एवढे शब्द त्याला कळले. त्या थांबल्यावर त्याने तिसरं म्हटलं, मग चौथं. त्या म्हणाल्या, "थँक यू फॉर कॉलिंग." आणि गप्प झाल्या. हुंदका मात्र ऐकू येत होता.

काळुरामने फोन कानापासून काढला, लाल ठिपका चाचपला आणि दाबला. एक शब्द बोलला नाही.

'बाय' तो विसरला नव्हता. त्याने ते मुद्दाम गाळलं. मयताच्या घरून उठताना 'येतो' म्हणायचं नसतं. म्हटलं तर त्या घरी पुन्हा तसंच यायची पाळी येते. तिथून माणूस निरोप न घेता उठतो, मागे न बघता चालू लागतो. त्याच्या बापाने तसं केलं होतं, त्याने तसं केलं होतं. घर केरळात असलं म्हणून काय झालं?

सगुणा बाजूलाच बसली होती. "बरा केलाव," ती म्हणाली.

पाच दिवसांनी ऋतिकाचा फोन आला. आवाज बारीक होता.

"बाबा, तुम्ही अम्मांचा फोन कापलात?"

"कापला नाही. ठेवला."

"त्या रडत होत्या बाबा! त्या राकेशला म्हणाल्या, तुझ्या सासऱ्याने पाठ केलेलं म्हणून दाखवलं आणि मी रडत असताना फोन आपटला. ड्यूटी संपली त्यांची."

काळुराम खाली बसला. "पाठ केलं होतं ते खरं. दुपारभर केलं. पाठ केलं म्हणजे वाईट?"

"तसं नाही हो..."

"मग कसं?"

"माहीत नाही! पण त्यांना लागलंय. आता त्या एकट्या राहणार नाहीत इथे, बंगळूरला आमच्याकडेच येणार आहेत, कायमच्या. लग्न वर्षाने का होईना, होईल. पण त्यांच्या मनात हे राहिलं तर ते मला रोज घरात दिसणार, बाबा. तुम्ही काहीतरी करा."

काळुरामने आयुष्यात पुष्कळ बिघाड शोधले होते. गाडी कुठे आवाज करते ते तो डोळे मिटून सांगे. इथे त्याला समजेना. वाक्यं बरोबर होती. रीत बरोबर होती. दोन्ही बरोबर असताना बिघडलं कुठे?

पट्टी निघाली होती. तो काळा चष्मा लावून नौपाड्यात गेला आणि शुभदा मॅडमना सगळं सांगितलं.

"मी शेवट शिकवला होता तुम्हाला," मॅडम म्हणाल्या. "तो का गाळलात?"

"मॅडम, मयताच्या घरून निघताना तुम्ही 'येते' म्हणता?"

"नाही हो. कसं म्हणेन?"

"मग?"

मॅडमनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाल्या, "माझी मावसबहीण गेली गेल्या वर्षी, अमेरिकेत. तिच्या नवऱ्याशी मी इंग्रजीत बोलले. तो गुजराती. शेवटी 'बाय' म्हटलं. तेव्हा मला काही वाटलं नाही. तुम्ही आत्ता विचारलंत आणि आत्ता वाटतंय."

"म्हणजे म्हणायचं की नाय?"

"खरं सांगू तरे? मला नाही सांगता येत. थांबा, माफी मागायचं एक चांगलं वाक्य देते."

"नको," काळुराम म्हणाला. "पाठ केलेलंच तर नडलं."

घरी येऊन तो दोन दिवस गच्चीवर नुसत्याच फेऱ्या मारत राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता त्याने स्वतःच थलश्शेरीला फोन लावला. ऋतिकाला मधे घेतलं नाही. सगुणा समोर येऊन बसली.

"हॅलो," विहीणबाई म्हणाल्या.

काळुरामला दोन सेकंदांची आठवण झाली. ते कधीच निघून गेले होते. मग तो बोलू लागला. शब्द सापडेल तसा, वाकडातिकडा. माय व्हिलेज. डेड हाऊस. गोइंग टाइम, नो बाय. बाय बॅड. अगेन डेथ कम. माय फादर नो बाय. मी नो बाय. फोन नॉट अँग्री. एवढं बोलायला त्याला कपाळावर घाम आला. एक वाक्य धड नव्हतं. असं काम दुसऱ्या कुणाचं असतं तर त्याने ते उलगडून पुन्हा करायला लावलं असतं.

 

मग विहीणबाई सावकाश बोलल्या. त्याला समजावं म्हणून एकेक शब्द सुटा करून. आमच्याकडेही म्हणत नाहीत. मरणाच्या घरातून माणसं न सांगता जातात. माझ्या दारातून त्या दिवशी शंभर माणसं तशीच गेली, मला काही वाटलं नाही.

"देन?" काळुरामने विचारलं. मग का लागलं?

"यू वेअर स्पीकिंग इंग्लिश," त्या म्हणाल्या. तुम्ही इंग्रजी बोलत होतात. इंग्रजीत सगळे बाय म्हणतात, म्हणून मी वाट बघत होते. मीच मुलांना तसं शिकवलं, छत्तीस वर्षं.

काळुराम विचारात पडला. म्हणजे रीत तीच. दोन्हीकडची माणसं तशीच उठतात. मग मधे आलं कोण? त्याला विचारायचं होतं, पण एवढं इंग्रजी त्याच्याकडे नव्हतं.

"आय डोंट नो," तो म्हणाला.

"आय ऑल्सो डोंट नो," विहीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज थोडा हलला. हसल्या की रडल्या, हे त्याला कळलं नाही.

आता फोन ठेवायला हवा होता. पण कसा? 'बाय' म्हणावं तर ते घर अजून तेच होतं. न म्हणता ठेवावा तर मागच्यासारखं. विहीणबाईंनाही तेच पडलं असावं, कारण त्याही ठेवत नव्हत्या. पलीकडे कुकरची शिटी झाली. कुणीतरी त्यांना हाक मारली, त्यांनी मल्याळममधे ओ दिली. फोन चालूच होता.

सगुणा कुजबुजली, "काय झायला? रागावलीय का?"

काळुरामने फोनवर हात ठेवला. "मना कलत नाय."

"मग ठेवा ना."

"कसा ठेवू?"

सगुणा उठून भाताला लागली. तो तसाच बसला. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, पावलं येत-जात होती. मधेच एकदा विहीणबाई जवळ येऊन बसल्यासारखं वाटलं, त्यांचा श्वास ऐकू आला. बोलल्या नाहीत. काळुरामही बोलला नाही. बऱ्याच वेळाने फोन बंद झाला. त्यांनी ठेवला की रेंज गेली, देव जाणे.

संध्याकाळी ऋतिकाने फोन केला.

"बाबा, अम्मांशी काय बोललात?"

"थोडंसं. मग गप्प बसलो."

"किती वेळ?"

"तुझ्या आईचा भात होईस्तोवर."

"गप्प? फोनवर?" ऋतिकाने विचारलं. "त्यांनी सांगितलंय, उद्या दहा वाजता परत करा फोन."

"कशाला? राग गेला का त्यांचा?"

"मी विचारलं. त्या म्हणाल्या, तुला नाही कळायचं. पण आज जेवल्या नीट. मी इथे आल्यापासून पहिल्यांदा बघितलं."

काळुरामने सगुणाला सांगितलं. ती म्हणाली, "मग उद्या काय बोलशाल?"

"ते नाय सांगितला तिने," काळुराम म्हणाला. "दहा वाजता, एवढाच बोलली."