पाठीचं चिलखत

ब्रांतास नदीच्या काठच्या आमच्या गावात चिलखतं बनत. वुलुंग लोहार काशाचे पत्रे ठोकून द्यायचा आणि ते वेताच्या बारीक वादीने ओवून माणसाच्या छातीवर बसवायचं काम सुमेंगचं. तिने मारलेली गाठ कधी सुटली नाही. माझं अंगण आणि तिचं अंगण यांच्यामध्ये एक बांबूचं कुंपण होतं. मी मागावर बसलेली असायची आणि ती पलीकडे, मांडीवर पत्रा घेऊन.

तिचा नवरा तजक राजाच्या सैन्यात भालाईत होता. पूर्वेकडच्या बंडात तो पडला. त्याचं चिलखत परत आलं, त्यावर ओरखडासुद्धा नव्हता. भाला पाठीत घुसला होता. मग काय, गावाला सांगायला कोणी लागलं नाही. पाणवठ्यावर बायका तिला जागा करून द्यायच्या, पण बोलायच्या नाहीत. तजकने पाठ दाखवली, एवढंच सगळ्यांच्या तोंडी.

भात कापून झाल्यावर वरच्या अंगाच्या गावाहून एक माणूस लंगडत आला. गेडो त्याचं नाव. हातात ताडाच्या गुळाची पुडी होती. ओट्यावर बसायलाही थांबला नाही, उभ्या उभ्याच बोलला.

"वहिनी, दादा पळत नव्हता. मी पडलो होतो, मांडी फाटली होती. त्याने मला खांद्यावर टाकलं आणि मागे निघाला. मागे निघायचं तर पाठ त्यांच्याकडेच होणार ना? माझं डोकं मागे लोंबत होतं. भाला येताना मला दिसला, वहिनी. मी ओरडलो, पण..."

सुमेंग रडली नाही. तिने विचारलं, "कुठे लागला? हात लावून दाखव."

गेडोने कमरेच्या वर, डाव्या बाजूला हात ठेवला. ती त्या जागेकडे बराच वेळ बघत राहिली.

गावाने हे ऐकलं आणि नाकं मुरडली. "जीव वाचलेला माणूस दुसरं काय बोलणार?" म्हणाले. सुमेंग कोणाशी भांडायला गेली नाही. दुसऱ्या दिवशी खाटकाकडून रेड्याचं ओलं कातडं घेऊन आली आणि अंगणात ताणून बसली.

"हे काय गं?" मी विचारलं.

"पाठीचं चिलखत."

"पाठीचं? कोण घालणार ते?"

"ज्याला पाठ आहे तो."

पहिलं चिलखत तिने एकसंध कातड्याचं केलं. वाळल्यावर ते दारासारखं ताठ झालं. गेडोच्या पाठीवर बांधलं तर त्याला वाकताच येईना. पडलेल्या माणसाला उचलायचं तर आधी वाकायला हवं! मग तिने कातड्याचे तळहाताएवढे तुकडे कापले, गरम मेणात बुडवून कडक केले आणि माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक ओवले. ते वाकल्यावर फाकायचे, मधली पाठ उघडी पडायची. तिने सगळं उसवलं, पुन्हा ओवलं. कातड्याला असा वास यायचा की माझा नवरा जेवताना पान उचलून मागच्या दारी जाऊन बसायचा.

माप घ्यायला गेडो यायचा. त्याची मांडी भरून आली होती, पण रांगेतून धावता येत नव्हतं, म्हणून त्याला जखमी उचलून आणणाऱ्यांत घातलं होतं. सुमेंग त्याला भाताचं पोतं उचलायला लावायची. पोतं पडून राहतं, जखमी माणूस तडफडतो, असं तो एकदा बोलून गेला आणि फसला. तिने शेजारचा बोकड आणला.

"वाक. उचल. आता पळ."

बोकड खांद्यावरून लाथा झाडतोय, गेडो लंगडत पळतोय आणि सुमेंग मागे धावत कुठला खवला सरकतोय ते बघतेय! कुंपणाशी सगळी आळी जमून हसत होती.

"सुमेंग, बोकडाला पण एक शिव की!"

"शिवीन. तुझं माप पाठव, त्याच मापाचं करते," ती म्हणाली आणि धावत राहिली.

वुलुंग लोहाराला मात्र हसू आलं नाही. त्याने तिला भट्टीवर बोलावलं. "हे बघ सुमेंग, माझ्या पत्र्यांवर सरदार विश्वास टाकतात. इथून पळपुट्यांचा माल जातो असं झालं तर मी संपलो. ते थांबव, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

तिने आपली आरी कमरेला खोचली. "दादा, तुमचं खाल्लंय, उलट बोलत नाही. पण उद्यापासून येत नाही."

त्यानंतर तिने कसे दिवस काढले ते मला ठाऊक आहे. कंद उकडून खायची आणि फणसाच्या झाडाखाली ओवत बसायची.

चिलखत मनासारखं झालं तेव्हा ते डोक्यावर घेऊन ती सरदाराच्या वाड्याच्या फाटकाशी जाऊन बसली. मीही सोबत गेले. सरदार लेंबू हत्तीवरून उतरला, चिलखत हातात घेऊन फिरवून पाहिलं आणि परत टाकलं.

"काम चांगलं आहे, बाई. पण माझ्या माणसाची पाठ शत्रूला दिसत नाही."

"धनी, जखमींना उचलून आणणारे कुठे तोंड करून येतात?"

सरदाराने तोंडातला विडा थुंकला. "ते शिपाई नव्हेत. त्यांना काय हवं ते घाल."

"तुमचा हुकूम समजू?"

"समज," तो म्हणाला.

हुकूम मिळाला, पण उचलणारेच तयार होईनात. "आधीच आम्हाला मढीवाले म्हणतात, आता भेकड पण म्हणतील," त्यांच्यातला जाडा तांबक म्हणाला. शेवटी गेडो आणि दोघंजण, एवढेच कबूल झाले.

पुढची लढाई नदीच्या खालच्या उतारावर झाली. तांबक परत आला नाही. पाठीत बाण लागला तेव्हा त्याच्या खांद्यावर जखमी होता, तोही गेला. गेडो आला. पाठीवरचे खवले फाटून लोंबत होते, दोन ठिकाणी भाल्याची टोकं मेणवलेल्या कातड्यात अडकून तुटली होती. त्याने चार जणांना आणलं होतं. तो अंगणात पालथा पडला आणि सुमेंगने त्याच्या पाठीवरच्या वाद्या एकेक करून कापल्या. खाली काळेनिळे वळ होते, जखम नव्हती. तेव्हा ती रडली. नवऱ्याच्या बातमीवर न रडलेली बाई हुंदके देऊन रडली, आणि गेडो बिचारा "वहिनी, मी आहे ना, मी आहे" म्हणत राहिला.

तांबकची बायको दिवस घालून झाल्यावर आली. हात जोडून म्हणाली, "माझ्या दिराला एक करून दे." त्यानंतर उचलणाऱ्यांपैकी कोणी नाही म्हटलं नाही. वुलुंगने भट्टीवर परत बोलावलं, पण ती गेली नाही. त्याने पत्र्यांचे उरलेले तुकडे पाठवले, ते मात्र ठेवून घेतले.

हळूहळू शिपाईही यायला लागले, पण अंधार पडताना, इकडेतिकडे बघत. "मावशी, पातळसं कर, वरून वस्त्र घेतलं की दिसणार नाही असं."

"लपवून घालायचं असेल तर माझ्याकडे नाही," ती सांगायची. "माझा माणूस पाठीत भाला घेऊन मेला आणि गावाने त्याला लपूनछपून नावं ठेवली. ज्याला हवं त्याने उजेडी यावं, वरून घालावं."

बरेच जण परत गेले. मग एकदा भर दुपारी पांदन नावाचा पोक्त भालाईत आला. घरी तीन लहान मुली, बायको आजारी. त्याने पाठीवर खवल्यांचं चिलखत बांधून घेतलं, वरचं वस्त्र उचललं, क्षणभर हातात धरून उभा राहिला. त्याने ते वस्त्र घडी करून काखेत मारलं आणि बाजाराच्या रस्त्याने, ताडीवाल्यांच्या दुकानांसमोरून, सावकाश चालत गेला.