मुद्देमालातले तेल

ती घटना नुसती आठवली तरी आजही माझे डोके तापते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण एका जुन्या पिकअप गाडीच्या इंजिनातल्या तेलाने मला जेवढे छळले तेवढे कोणत्याही गुन्हेगाराने छळले नाही.

तेव्हा मी मद्रासला, जॉर्ज टाउनच्या ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. फिर्यादी मिरचीचे ठोक व्यापारी, आमच्यासारखेच तंजावरकडच्या मराठी घराण्यातले आणि त्यातून माझ्या पत्नीचे दूरचे काका. म्हणजे ठाण्यात येताना ते फिर्यादी म्हणून कमी आणि सासुरवाडी म्हणूनच जास्त आले.

“जांवईबापू, आपला माणूस आहे म्हणून आलों,” ते खुर्चीत बसत म्हणाले. “ड्रायव्हरानं माझी गाडी मारली.”

गाडी त्यांनी निलगिरीतल्या एका मळेवाल्याकडून जुनी घेतली होती. त्या सकाळी मिरचीची पोती घेऊन ती एग्मोर स्टेशनकडे निघाली आणि वाटेतच इंजिन जाम झाले. बैल जुंपून ती दुकानापाशी ओढत आणली आणि नेहमीच्या जागी उभी केली. काकांनी बॉनेट उघडून तेल मोजायची दांडी काढली. तेल वरच्या खुणेपर्यंत होते.

“तेल भरपूर असून इंजिन कसं अडकतं? त्यानं वाळू टाकली. समोरच्या व्यापाऱ्याची फूस आहे.”

त्याच दिवशी एका खबऱ्यानेही सांगितले की ड्रायव्हर समोरच्या व्यापाऱ्याच्या कारकुनाबरोबर कॉफी पिताना दिसला होता. माझा सब-इन्स्पेक्टर नवा आणि उत्साही होता. त्याने जागेवर जाऊन पंचनामा केला, दांडी पंचांना दाखवली, ‘तेल पूर्ण’ असे लिहून सह्या घेतल्या. मग ड्रायव्हरला मनगट धरून भर बाजारातून चालवत ठाण्यात आणले. मुद्देमाल म्हणून गाडी आमच्या आवारात आली.

ड्रायव्हर तमिळ, पन्नाशीकडे झुकलेला, कमी बोलणारा. तासभर मी त्याला उलटसुलट विचारले. एकदाही त्याचा जबाब बदलला नाही.

“सार, त्याच गाडीवर माझं घर चालतं. मी त्यात वाळू कशाला टाकीन? रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी दुकानापाशीच दांडी बघतो. रोज तेल भरलेलं. पण निळा धूर येत होता. मुदलाळींना, मालकांना, कितीदा सांगितलं, वर्कशॉपला नेऊ या. ते म्हणायचे, दांडीवर तेल दिसतंय ना, मग पैसे कशाला घालवायचे?”

“आणि कारकुनाबरोबर कॉफी?”

“तो माझ्या बायकोचा भाऊ आहे, सार. कुणी विचारलंच नाही.”

मी कपाळाला हात लावला. पण माझ्या समजुतीने काय होणार? पंचनाम्यात तेल पूर्ण होते आणि इंजिन मेले होते. खटला उभा राहिला असता तर त्याचे लायसन्स गेले असते. खाल्ल्या मिठाला न जागणारा म्हणून बाजारात त्याचे नाव तर आधीच झाले होते, आणि अशा माणसाच्या हातात पुन्हा गाडीची किल्ली कोण देणार?

दुसऱ्या दिवशी मोटार इन्स्पेक्टर आले. आवारात त्यांनी दांडी काढली, फडक्याने पुसली, पुन्हा घालून काढली. जेमतेम टोक ओले झाले होते. त्यांनी अहवाल दिला: वाळू नाही, तेलाअभावी इंजिन जळाले.

आता पंचनाम्यात तेल आहे, अहवालात नाही, आणि मधल्या वेळात गाडी पोलिसांच्या ताब्यात. काका वकील घेऊन हजर झाले. “पोलिसांनीच तेल काढलं! अस्के, सगळेच्या सगळे, सामील आहेत!” वरिष्ठांनी माझ्याकडे लेखी खुलासा मागितला. मी सगळ्या शिपायांना रांगेत उभे करून फैलावर घेतले.

हेड कॉन्स्टेबल शांतपणे म्हणाला, “सार, ते काळं तेल कोण चोरणार? त्यात वडेसुद्धा तळता येत नाहीत.”

तरी मी त्यांच्या सायकलींच्या साखळ्या तपासल्या. सगळ्या गंजून कोरड्या पडलेल्या. चोरी सोडा, या लोकांनी स्वतःच्या सायकलीला कधी थेंबभर तेल घातले नव्हते.

शेवटी मी हुकूम दिला की गाडी परत दुकानापाशी न्या, पंचनाम्याच्या वेळी होती तशीच उभी करा आणि नव्याने तपासा. पुन्हा बैल आले. काकांचा दंडक होता की गाडी म्हणजे लक्ष्मी, तिचे तोंड सदैव पूर्वेला हवे. आता दुकान गल्लीच्या पूर्वेला, आणि दारात पोती चढवायचा दगडी उतार. तेव्हा गाडीची पुढची चाके उतारावर आणि मागची गल्लीत. सब-इन्स्पेक्टरने दांडी काढली. तेल वरच्या खुणेपर्यंत!

“बघा,” काका जमलेल्या लोकांना म्हणाले, “भ्यालेत. परत भरलं.”

मी वैतागून गाडीमागे, गल्लीतल्या एका पायरीवर बसलो. तेवढ्यात काकू बाहेर आल्या. गाडी ठाण्यातून आलेली, दृष्ट लागू नये म्हणून त्यांनी पुढच्या चाकांपाशी लिंबे ठेवली. एक लिंबू सुटले, गाडीखालून गडगडत खाली आले आणि माझ्या बुटाला लागले. मी ते वर सारले. ते पुन्हा आले. पुन्हा सारले, पुन्हा आले. मग मात्र मी उठून उभा राहिलो.

“गाडी खाली सपाट गल्लीत घ्या,” मी म्हणालो.

गल्लीत दांडी जवळजवळ कोरडी. उतारावर पूर्ण. परत गल्लीत कोरडी. बैल कंटाळेपर्यंत मी हे सर्वांसमोर करून दाखवले. ठाण्याचे आवारही गल्लीसारखेच सपाट होते. तोंड वर केलेल्या गाडीत तेल मागे साचत होते आणि दांडी होती इंजिनाच्या मागच्या बाजूला. जुने इंजिन रोज तेल जाळत होते आणि लक्ष्मी पूर्वाभिमुख उभी राहून रोज भरल्या पोटाची ग्वाही देत होती.

काकांनी ठाण्यात येऊन फिर्याद मागे घेतली. “झालं ते झालं,” ते ड्रायव्हरला म्हणाले. “उद्या ये कामाला.”

तो जागचा हलला नाही. माझ्याकडे पाहून म्हणाला, “सार, मला बाजारातून धरून आणलं. सगळ्यांनी बघितलं. आता एकटा कसा जाऊ?”

मी काकांना म्हणालो, “तुम्ही बरोबर जा.”

“या उन्हात, जांवईबापू?”

“याच उन्हात.”

दोघे चालत निघाले, मी मागे. पहिल्या दुकानापाशी काका पुटपुटले, “याची काही चूक नव्हती.” मी मागून मोठ्याने खाकरलो. पुढच्या दुकानापासून त्यांचा आवाज बरा येऊ लागला. दुकानात पोचल्यावर त्यांनी किल्ली पुढे केली. ड्रायव्हरने हात जोडले, पण किल्ली घेतली नाही.

“मुदलाळी, दांडीनं एकदा सांगितलं ते तुम्ही खरं मानलं. मी धुराचं रोज सांगत होतो.”

या प्रकरणाने मला एक शिकवले. साक्ष देणारा खोटे बोलत नसेल, तरी तो कुठे उभा राहून बोलतो आहे ते आधी बघावे. पुढे प्रत्येक पंचनाम्यात मी जागेचा उतारसुद्धा लिहायला लावला आणि हाताखालच्यांच्या शिव्या खाल्ल्या.

ड्रायव्हर मेहुण्याच्या ओळखीने समोरच्या व्यापाऱ्याकडे लागला. ते कळताच काका आमच्या घरी आले.

“मी सांगिटलं नव्हतं? तो पहिल्यापासून त्यांचाच माणूस!”

“पहिल्यापासून तो तुमचाच होता,” मी म्हणालो.

पत्नीने काकांना कॉफी आणून दिली. ती संपवून, पेला खाली ठेवत त्यांनी विचारले, माझ्या ओळखीत कुणी विश्वासू ड्रायव्हर आहे का.