टिटवीच्या पाकळ्या

ते यंत्र तळहाताएवढं होतं. पिवळं, गोलसर कडांचं, मागं पट्ट्याला अडकवायचा चिमटा. मळीच्या टाकीत विषारी वायू असला की केकाटायचं, म्हणून कामगारांनी त्याला टिटवी म्हटलं. निमगाव केतकीजवळच्या कारखान्यात गळिताआधी टाक्या धुण्याचं काम माझ्या यजमानांकडं होतं, आणि टिटवीही.

तिच्या तोंडावर आट्यांचं गोल झाकण होतं. वायू ओळखणारी आतली डबी ठरावीक मुदतीनं बदलावी लागे, त्यासाठी. झाकणावर आठ पाकळ्या कोरल्या होत्या, आरपार. हवा त्यांतूनच आत जायची, हे मला नंतर कळलं. त्या वेळी ते कमळ वाटलं. नक्षी काढणाऱ्यानं साधी भोकं पाडली असती तर माझा हात तिथं गेला नसता, असं मी पुष्कळदा मनाशी म्हटलं आहे. दुसऱ्याला दोष देण्याची ही सभ्य रीत.

टिटवी रोज त्यांच्याबरोबर घरी यायची. खंडेनवमीला ती पूजेला मांडली. पाटावर कोयता, पाना, टिटवी आणि माझं शाईचं पेन. मी बारामतीच्या एका शाळेत ग्रंथपाल होते. पेनाचा हट्ट माझा. हळद जरा दाटच कालवली गेली. कोयत्याला एक बोट, पान्याला एक बोट. टिटवीच्या मात्र आठही पाकळ्या मी एकेक करून भरल्या.

"बाईसाहेब, नाक बुजवलं की तुमी तिचं," ते हसले. "आता शिंकंल ही."

"शिंकू द्या. एक दिवस तरी नटू द्या तिला."

"आन् मला कोण नटवायचं?"

"तुम्हाला कितीही नटवा, मळीचा वास जातोय थोडाच!"

त्यांनी ती रुमालानं वरवर पुसली आणि पट्ट्याला लावली.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी ते टाकीत उतरले. टिटवी ओरडली नाही.

त्यांच्या जोडीदारानं डबा, चपला आणि टिटवी घरी आणून दिली. म्हणाला, "वहिनी, चौकशीला दाखवायची हाय ही. हात लावू नका." अंगणात माणसं बसली होती. मी आत जाऊन सुई घेतली. पाकळ्यांत हळद वाळून घट्ट झाली होती. आठही मोकळ्या केल्या.

चार दिवसांनी इंदापुराहून साहेब आले. त्यांनी टिटवी बाटलीतल्या वायूसमोर धरली. ती घर दणाणून सोडेल अशी ओरडली.

"कुणी उघडली, पुसली होती का?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी लिहिलं : यंत्र निर्दोष. कामगार ते चालू न करता उतरला.

पुढं डबी बदलून टिटवी दुसऱ्या कुणाच्या तरी पट्ट्याला गेली. चौकशीचा कागद घरी आला तेव्हा जोडीदार उंबऱ्यात बसून होता. मी वाचून दाखवला. त्यानं पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाला, "चालू न करता? वहिनी, तो घरातनंच बटण दाबून निघायचा. तुमाला ठावं हाय."

मी कागदाची घडी घातली.

"विसरले असतील," मी म्हणाले.