राखाडी हूडी

हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. माझ्या बायकोला, मृण्मयीला नाही. नगरला आईला नाही. टूवूंबातल्या तेव्हाच्या रूममेट्सना तर नाहीच. कुठे लिहूनही ठेवलं नाही, आणि मी बरीच वर्षं लिहिण्यावर पोट भरलेला माणूस आहे. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा असं म्हणू — तुमच्यापैकी काही जण मला जेवढं ओळखतात, तेवढं चुकीचं आहे म्हणून.

कारण तुमच्यापैकी काहींनी माझे सिनेमांवरचे लेख वाचले असतील. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वस्त्यांवरचे सिनेमे, आणि त्यांच्यासोबत मी कसा मोठा झालो, असे ते लेख. त्यांत एक मित्र वरचेवर येतो. "टूवूंबातला माझा सुदानी मित्र" — दोन ओळी, कधी तीन. त्या ओळी वाचून लोकांनी मला चांगली पत्रं पाठवली. मी ती जपून ठेवली आहेत. उत्तर एकालाही दिलेलं नाही.

सिनेमांपासूनच सुरुवात करतो. ते सोपं आहे.

नगरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सीडी लायब्ररी होती. मालक बाळूशेठ. मारामारीच्या सीड्या काचेत मांडलेल्या, आणि काउंटरखाली एक खोकं, ज्यातलं कोणी काही नेत नसे. "ने की मंद्या ते खोकं. परत नाही आणलंस तरी चालतंय," तो म्हणाला. मी नेलं. त्या खोक्यात दुसरं जग होतं. घराच्या पायऱ्यांवर बसलेली पोरं, केस कमी आणि गप्पा जास्त कापणारं न्हाव्याचं दुकान, जाळी नसलेली बास्केटबॉलची रिंग, गल्लीतून विनाकारण सावकाश जाणारी पोलिसांची गाडी. सबटायटल्स संवादांच्या दोन वाक्यं मागे चालायची. मी इंग्रजी तिथे शिकलो — आधी ऐकायचं, मग वाचायचं, मग लागलेला अर्थ चुकला म्हणून पुन्हा मागे जायचं. एका मे महिन्यात मी हूडी घालून नगरमध्ये फिरलो. आई म्हणाली, "थंडी वाजतेय का रे तुला? डॉक्टरकडे जाऊ या."

त्यातल्या जवळजवळ प्रत्येक सिनेमात एक प्रसंग असायचाच. पोरगा कोपऱ्यावरच्या दुकानात शिरतो. दुकानदार त्याच्या मागे मागे फिरतो. दुकानदार बहुधा परदेशातून आलेला, कधीकधी आपल्याच रंगाचा. पोरगा काही चोरत नाही, तरी दुकानदार फिरतो. मी तो प्रसंग शंभर वेळा पाहिला असेल, आणि प्रत्येक वेळी पोराच्या बाजूने पाहिला. मग कॉलेज झालं, आणि चार वर्षं एका जिल्हा दैनिकात नोकरी केली. तिथे देशमुख सरांनी पहिल्या आठवड्यात एक नियम शिकवला. पाहिलेलं वेगळं, ऐकलेलं वेगळं. दोन्ही एका वाक्यात घालायचं नाही. आणि न पाहिलेलं, न ऐकलेलं — ते घालायचंच नाही. मी हा नियम कधी मोडला नाही. नगरमध्ये तरी नाही.

टूवूंबाला मी तिथल्या ऑस्ट्रेलियन युनिव्हर्सिटीत मास्टर्ससाठी आलो. शहर डोंगरमाथ्यावर, बस तासाभराने एक, रविवारी तीही बेभरवशाची. गाडी नसली की माणूस घरातच. डेंग माझ्या वर्गात होता. दक्षिण सुदानचा, जन्म निर्वासितांच्या छावणीतला, शाळा सगळी टूवूंबातली. युनि सांभाळून तो हॉस्पिटलमध्ये पेशंटची ने-आण करायचा. पावसात मला स्टॉपवर उभा पाहून त्याने गाडी थांबवली, तिथून आमची ओळख. पहिल्याच दिवशी मी त्याला माझे सिनेमे सांगितले. अधाशासारखे सांगितले. तो हसला. "मेट, ते अमेरिकेत. मी टूवूंबाचा आहे. मी आजवर गोळीबार पाहिलेला नाही. गाई पाहिल्यात. खूप गाई."

तरी रविवारी दुपारी तो माझ्यासोबत ते सिनेमे पाहायला लागला, त्याच्या आईच्या घरी. तिला सगळे मामा अचोल म्हणत. ती मला नावाने हाक मारत नसे, "इंडिया" म्हणायची. "इंडिया, इट." ती ज्वारीच्या आंबवलेल्या पिठाच्या पातळ पोळ्या करायची, आपल्या आंबोळीसारख्या, आणि मी तिला सांगितलं होतं की आमच्याकडे याच पिठाची भाकरी होते. तिला ते पटलं नाही. एका रविवारी मी तिच्या ओट्यावर भाकरी थापून दाखवली. जाड झाली, एका बाजूने करपली. तिने ती सगळी खाल्ली आणि डेंगला काहीतरी म्हणाली. तो म्हणाला, "मामा म्हणतेय, याचं लग्न करून द्या लवकर."

ज्वारीचं पीठ मिळायचं ते, सगळे ज्यांना अंकल म्हणत, त्यांच्या दुकानात. शहरातल्या मोजक्या इंडियन ग्रोसरींपैकी एक, आणि मी तिथे आठवड्याला तीन दुपारी काम करायचो. ज्वारीची गिऱ्हाइकं दोनच — मी आणि मामा अचोल. अंकल म्हणायचे, "तुम दोनों के लिए मँगवाता हूँ, बेटा." ते चांगले होते. माझ्या पुढच्या नोकरीसाठी रेफरन्स तेच देणार होते, आणि त्या नोकरीवर माझं या देशात राहणं अवलंबून होतं. हे सांगतोय ते सबब म्हणून नाही. तेव्हा माझ्या डोक्यात काय होतं, तेवढं कळावं म्हणून.

एका गुरुवारी दुपारी काउंटरवरचा टॅब नाहीसा झाला. अंकल घरपोच ऑर्डरी त्यावर घ्यायचे. ते बाहेरून आले, जागा रिकामी पाहिली आणि मला विचारलं, "कौन आया था?"

खरं उत्तर काय होतं? खरं उत्तर होतं: मला माहीत नाही. मी वीस मिनिटं मागच्या खोलीत होतो. कानात इयरफोन घालून फोनवर सिनेमा पाहत होतो — तोच, खोक्यातला, कितव्यांदा तरी. गल्ला उघडा टाकून.

हे सांगितलं असतं तर नोकरी गेली असती. रेफरन्स गेला असता. म्हणून मी म्हणालो, एक जण आला होता. मी पीठ लावत होतो, वळेपर्यंत पळाला.

"दिखता कैसा था?"

इथे थांबतो जरा. कारण हे वाक्य मी बारा वर्षं मनात घोळवलेलं आहे. मी गोंधळलो नाही. अडखळलोही नाही. बातमीत लागतं ते सगळं माझ्या तोंडून क्रमाने बाहेर आलं. उंच. काळा. विशी-पंचविशीतला. राखाडी हूडी, टोपी वर ओढलेली. डावीकडे, पार्किंगच्या दिशेने. अंकलनी मान हलवली. त्यांना पटलं. पटणारच होतं, सगळा तपशील जागच्या जागी होता. दुकानातला कॅमेरा बरेच महिने बंद होता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मग ते म्हणाले, "तू तो अखबार में था ना? ग्रुप में डाल दे. ढंग से लिख."

ग्रुप म्हणजे टूवूंबातल्या सगळ्या इंडियन घरांचा व्हॉट्सॲप ग्रुप. मी लिहिलं. पाच ओळी. एकही शब्द जास्तीचा नाही. खाली लोकांनी अंगठे टाकले. कोणीतरी लिहिलं, "थँक्स फॉर द क्लिअर डिस्क्रिप्शन."

तो माणूस कुठून आणला होता मी? तेव्हा स्वतःला सांगितलं, सिनेमातून. नुकताच पाहत होतो, तोच डोळ्यांपुढे होता. पुढे अनेक वर्षं मी हेच सांगत राहिलो, स्वतःला. मग कधीतरी तो सिनेमा पुन्हा लावला, फक्त तपासायला. त्यातली हूडी काळी आहे. राखाडी हूडी डेंगची होती. तो त्या दुपारी ती घालून आला होता, मला कामावर सोडायला.

आणि हेही सगळं नाही.

शुक्रवारी दुपारी दुकानात मी एकटाच होतो. ज्वारीची पाकिटं पुढे सरकवायला रॅकमध्ये हात घातला, तर मागे टॅब. मीच ठेवला होता. गुरुवारी माल आला तेव्हा यादीवर खुणा करायला घेतला होता, हात मोकळे करायला तिथे टेकवला आणि विसरलो. चोर नव्हताच. कोणी आलंच नव्हतं. मी तो टॅब हातात धरून किती वेळ उभा होतो? फार नाही. मग तो माझ्या बॅगेत घातला.

शनिवारी डेंग मामा अचोलला घेऊन आला. ती नेहमीसारखी सरळ ज्वारीकडे गेली, एक पाकीट उचललं. अंकल काउंटरमागून बाहेर आले. ते तिच्या आणि डेंगच्या मागे मागे चालू लागले. तो राखाडी हूडीतच होता. काउंटरपाशी अंकल म्हणाले, "बॅग, प्लीज. ओपन."

डेंगला आधी कळलं नाही. मग कळलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, जवळजवळ हसत. "टेल हिम, मेट."

सगळं त्या दोन शब्दांत होतं. मला फक्त ते अंकलना सांगायचं होतं. टॅब माझ्या खोलीत, माझ्या बॅगेत होता. चोर नव्हता हे जगात एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो काउंटरमागे उभा होता.

मी म्हणालो, "मी चेहरा पाहिला नव्हता."

हे वाक्य खरं आहे. देशमुख सरांनी छापलं असतं.

डेंगचं हसू एकदम गेलं नाही. हळूहळू गेलं. त्याने आईचा हात धरला, चल म्हणाला. ती हलली नाही. तिने बॅग काउंटरवर ठेवली आणि एकेक वस्तू बाहेर काढली. चष्मा. गोळ्यांची पट्टी. चर्चचं पत्रक. घडी केलेला रुमाल. एक केळं. सगळं ओळीने मांडलं, आम्हाला नीट दिसेल असं. मग एकेक आत ठेवलं. ज्वारीचं पाकीट घेऊन ती रॅककडे परत गेली आणि जिथून उचललं होतं तिथेच ते ठेवलं, नाव पुढे करून. जाताना ती माझ्यासमोर थांबली. माझ्या छातीवरची नावाची पट्टी तिने वाचली, अक्षरं लावत.

"थँक यू, मंदार," ती म्हणाली.

त्या एका वेळेसच तिने मला नावाने हाक मारली.

डेंगला मी रात्रभर विचार करून दुसऱ्या दिवशी एक मेसेज केला. सॉरी नव्हतं त्यात. "होप यू आर ओके." त्याचं उत्तर आलं, "ऑल गुड, मेट." त्यानंतर युनित तो दुसऱ्या रांगेत बसला. मी बसने जायला लागलो. ग्रुपमधले दोघे-तिघे त्याच्याच हॉस्पिटलमध्ये कामाला होते. ते तिथे काय बोलले, काय नाही, मला माहीत नाही. वर्षभरात ते कुटुंब मेलबर्नला गेलं. का गेलं, तेही माहीत नाही. बातमी असती तर मी लिहिलं असतं, दोन घटनांचा संबंध स्पष्ट झालेला नाही. अंकलनी ज्वारी मागवणं बंद केलं. एका गिऱ्हाइकासाठी परवडत नाही, म्हणाले. रेफरन्स मात्र दिला. त्यात त्यांनी मला प्रामाणिक म्हटलं आहे.

आता मी टूवूंबापासून दीडेक तासावर, स्प्रिंगफील्ड लेक्सला राहतो. इथली मराठी मंडळी महिन्यातून एकदा सिनेमा पाहायला जमतात, आणि गेल्या महिन्यात त्यांनी माझ्याकडून माझ्या आवडत्या सिनेमांवर बोलून घेतलं. पुण्याचे आयटीवाले, त्यांची मुलं, समोसे, चहा. मी चांगला बोललो. न्हाव्याचं दुकान सांगितलं, पायऱ्या सांगितल्या, बाळूशेठचं खोकं सांगितलं, लोक हसले. मग एक सिनेमा लावला. त्यात तो प्रसंग आला. पोरगा दुकानात शिरला.

माझी लेक इरा आठ वर्षांची. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाबा, व्हाय इज दॅट मॅन फॉलोइंग हिम?"

मी म्हणालो, "त्याचं काहीतरी हरवलंय."

"डिड द बॉय टेक इट?"

"नाही."

"डझ द मॅन नो दॅट?"

मी वर पाहिलं. पडद्यावर दुकानदाराचा चेहरा होता. इतक्या वर्षांत मी तो कधी पाहिलाच नव्हता, नेहमी पोराकडे पाहत आलो होतो. साधा चेहरा होता. थकलेला, थोडा घाबरलेला. इराने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पुन्हा पुढे जाऊन मुलांमध्ये बसली.

टॅब अजून माझ्याकडे आहे. तीन घरं बदलली, तिन्ही वेळा तो सोबत आला. गॅरेजमध्ये वरच्या फळीवर, बुटांच्या खोक्यात. त्याला चार्जर मी कधी लावलेला नाही.