हातवाली आपा

भिगवणच्या आमच्या गल्लीतल्या आपाला लोक हातांवरून ओळखत. ब्लाऊज बेतायचे तिचे व्हिडिओ लांबलांबच्या बायका बघत, पण परक्या पुरुषांपुढे ती बुरख्यातच असे, म्हणून त्यांत तिचा चेहरा कधीच नसे. नुसते हात, हिरव्या बांगड्या, खडू, कात्री आणि आवाज : "बाहीचा मुंढा खोल कापू नका गं, मग हात वर केला की माझ्या नावानं बोंब माराल."

मी शेजारची. बारामतीच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, चारचौघांत तोंड न उघडणारी. "मॅडम, इंग्रजी संपलं असंल तर जरा मराठीत हसा," असं ती चिडवायची. पण व्हिडिओ काढायला मोबाईल माझ्याच हातात द्यायची.

मोबाईलबाबत तिचा एक कडक नियम होता. हळदीला बायकांच्या खोलीत शिरताना प्रत्येकीने आपला मोबाईल दारातल्या पिठाच्या रिकाम्या डब्यात टाकायचा. डब्यावर आपा स्वतः बसायची. "आतलं आत ऱ्हाऊ द्या," म्हणायची. मग दार लागायचं आणि आमच्या घुम्या काकूसुद्धा नाचायच्या.

तिच्या पुतणीच्या हळदीत पोरींनी आपालाच डब्यावरून ओढून उठवलं. तेवढ्यात कुणीतरी डब्यातून मोबाईल काढून फोटो घेतला. दोन दिवसांत फोटो सगळीकडे : केस मोकळे, हात वर, आपा खळखळून हसतेय. वर लिहिलेलं, 'हातवालीचं तोंड बघा.' खाली अनोळखी पुरुषांची घाण.

ॲपकडे तक्रार मी केली. इंग्रजीत पर्याय होते : नग्नता, हिंसा, फसवणूक.

"ह्यात आपलं कुठलं?" आपाने विचारलं.

त्यातल्या त्यात जवळचा पर्याय निवडला. उत्तर आलं, फोटोत नियमाविरुद्ध काही नाही. मी ते मराठीत सांगितलं.

"व्हय, कपडे हायेत की अंगावर," ती म्हणाली. "पण बायकांच्या खोलीतलं बाहेर कुणी नेलं, हे सांगायला जागाच न्हाय का त्यात?"

मी पुन्हा तक्रार केली. पुन्हा तेच उत्तर. एका सकाळी तिचा दीर दारात उभा राहून म्हणाला, "भाभी, आता बास. बंद करा ते व्हिडिओ." नवरा खाली बघत चहा पीत राहिला.

त्याच दुपारी तिने मला बोलावलं. "पुसायचं कसं, दाव." एकेक व्हिडिओ तिने स्वतःच्या बोटाने पुसला. शेवटचा मात्र पूर्ण ऐकला, मग पुसला.

पुढे ते कुटुंब गाव सोडून गेलं. तिचा नंबर लागत नाही.

ते हात आता कुठेच सापडत नाहीत. फोटो मात्र अजून आहे. आपाला बघावंसं वाटलं की मला तिथेच जावं लागतं. ती हसत असते. मी थोडा वेळ बघते आणि पुन्हा तक्रार करते.