सुबोधचं मत

सुबोध करंबेळकरला बेसबॉल आवडत नव्हता आणि ही गोष्ट सिंगापुरात त्याच्या बायकोशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती.

तो या भानगडीत पडला तो निव्वळ सभ्यपणापायी. हार्बरफ्रंटच्या एका जहाज कंपनीत मुलाखतीला गेला, तेव्हा साहेबाच्या टेबलावर लाल टाक्यांचा एक पांढरा चेंडू ठेवलेला होता. सुबोध पुण्यात कॉलेजच्या संघातून मध्यमगती गोलंदाजी करायचा. हात आपसूक पुढे गेला, बोटं शिवणीवर बसली आणि तो म्हणाला, हा चेंडू हवेत बराच वळत असेल. टेबलापलीकडचा गॅरी हॉलरन खुर्चीत पुढे सरकला. त्यानंतर दोघं तासभर बोलले, पण त्यात जहाजांचा विषय फार थोडा निघाला. नोकरी मिळाली. पहिल्याच शुक्रवारी गॅरी त्याला जेवायला घेऊन गेला आणि त्यानं अमेरिकेतल्या आपल्या गावच्या संघाची, म्हणजे हेरन्सची, सगळी कुंडली त्याच्यापुढे मांडली. सुबोधनं मान डोलावली. तेव्हापासून गेली सात वर्षं तो मान डोलावतच होता.

शुक्रवारी दुपारी ऑफिसच्या मागच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, तिघांचं टेबल ठरलेलं असे. गॅरी, सुबोध आणि लिम. लिम सिंगापूरचाच, पन्नाशी उलटलेला. जहाजं कुठल्या बंदरात कधी लागणार याची वेळापत्रकं आखण्यात त्याची उभी हयात गेली होती. तो मात्र खरा शौकीन. भल्या पहाटे उठून सामने बघायचा आणि गॅरीशी बिनदिक्कत भांडायचा. सुबोधला सामने बघायची गरज नव्हती. गुरुवारी रात्री वीसेक मिनिटं फोनवर वाचलं की शुक्रवार निभावून जायचा.

त्याला धडकी भरायची ती हिवाळ्याची. अमेरिकेत थंडीत सामने बंद असतात. तेव्हा संघ आपापसात खेळाडूंची अदलाबदल करतात, जुन्यांना काढतात, नवे आणतात. मैदानावर काही घडत नसल्यामुळे बोलणाऱ्यांना धरबंध उरत नाही. कुणाला ठेवायला हवं होतं, कुणाला घालवायला हवं होतं, याच्यावर तास न् तास खल. सामन्याबद्दल निदान जे झालं ते सांगून वेळ मारून नेता येते. इथे प्रत्येकाला मत असावं लागे. सुबोधचं मत ठरलेलं असे. गॅरीचं जे असेल ते.

त्याला कारण होतं. त्याचा पास, म्हणजे इथं नोकरी करायचा परवाना, मार्चमध्ये संपत होता. तो पास कंपनीच्या नावाशी बांधलेला. नोकरी गेली, तर महिनाभरात गाशा गुंडाळून देश सोडायचा. कायम वास्तव्यासाठी त्यांनी दोनदा अर्ज केला होता, दोन्ही वेळा नकार आला होता. मुलगी जाई यंदा दहावीत होती आणि वर्षाअखेरीला तिची इथली बोर्डाची परीक्षा होती. मधेच उचलून तिला पुण्याच्या शाळेत बसवायचं म्हणजे वर्ष वाया, आणि नुसतं वर्षच नव्हे. बायको अनघा पुण्यात फिजिओथेरपिस्ट होती. आपलं चालतं क्लिनिक मैत्रिणीच्या हवाली करून ती इकडे आली आणि इथे तिला तिची पदवी नव्यानं सिद्ध करायला सांगितली गेली. मग ते राहूनच गेलं. परत जावं म्हटलं तर जाईची शाळा आडवी येई, इथंच राहावं म्हटलं तर पास. मधल्या जागेत सुबोध शुक्रवारी जेवत असे.

त्या वर्षी वाद पेटला तो ऑर्टेगावरून. ऑर्टेगा हेरन्सचा कॅचर, म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारखा, फलंदाजाच्या मागे उकिडवा बसणारा. अकरा वर्षं एकाच संघात काढलेला आणि आता गुडघ्यांनी जेरीस आणलेला. दुसरा एक संघ त्याच्या बदल्यात दोन तरुण पिचर, म्हणजे गोलंदाज, द्यायला तयार होता. गॅरीचं म्हणणं, घरातलं माणूस असं कुणी बाजारात नेतं का. लिम म्हणायचा, ज्याला बसलं की उठता येत नाही त्याला किती दिवस सांभाळायचं. सुबोध भातावरच्या चिकनचे तुकडे करत म्हणायचा की गॅरीचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. लिम त्याच्याकडे जरा रोखून बघायचा आणि पुन्हा ताटाकडे वळायचा.

जानेवारीत गॅरीनं टूम काढली. शनिवारी सगळ्यांनी पुलाउ उबीन बेटावर सायकली चालवायला जायचं, घरच्यांनाही आणायचं. अनघानं साफ नकार दिला. सात वर्षांचे शुक्रवार पुरेत, शनिवार मी देणार नाही, असं ती म्हणाली. जाई मात्र अभ्यासातून सुटका म्हणून निघाली.

बेटावर दुपारपर्यंत छान गेलं. मग पावसानं गाठलं. ओलेचिंब होऊन चौघं धक्क्यावर पत्र्याखाली येऊन उभे राहिले. परतीची बोट बारा माणसं जमल्याशिवाय सुटत नाही आणि अशा पावसात धक्क्यावर येणार कोण? तिथंच गॅरीचा फोन वाजला. ऑर्टेगाला देऊन टाकलं होतं.

गॅरीनं बातमी दोनदा वाचली. मग त्याची नेहमीची सरबत्ती सुरू झाली. मालक, व्यवस्थापक, कुणीही सुटलं नाही. लिमनं हसून सांगितलं की हे गेल्या वर्षीच व्हायला हवं होतं. गॅरी सुबोधकडे वळला. सुबोधनं तोंड उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं की जाई त्याच्याकडे बघते आहे. मघाशी सायकली परत करताना तिनं त्याला हळूच विचारलं होतं, “बाबा, यू डोन्ट इव्हन अग्री विथ हिम, राइट? व्हाय ऑलवेज से येस?” त्यानं तेव्हा काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं होतं.

“मी त्याला सोडलं असतं,” सुबोध म्हणाला.

गॅरी थांबला.

सुबोध बोलत गेला. गेली दोन वर्षं ऑर्टेगाला धावत्या खेळाडूला बाद करता येत नव्हतं. तो चुकला की पिचर धास्तावायचे. त्याच्याबद्दल वाटणारी माया खरी, पण त्या मायेपायी पंचवीस जणांचा हंगाम फुकट जात होता. त्याला विचारून पाठवायला हवं होतं, एवढी एकच चूक झाली, बाकी निर्णय बरोबर. हे सगळं त्यानं कधी ठरवलं होतं ते त्याचं त्यालाच कळेना. न आवडणाऱ्या खेळाबद्दल सात वर्षांत त्याचं एक मत तयार होऊन बसलं होतं.

लिमनं त्याच्या पाठीवर थाप मारली. जाई हसली. गॅरीनं फोन खिशात ठेवला. चिनी पर्यटकांचा एक घोळका पावसातून धावत आला, बारा माणसं भरली, बोट सुटली.  एमआरटीच्या मेट्रोत बसल्यावर सुबोध मनातल्या मनात दिवस मोजू लागला. मार्च फार लांब नव्हता.

सोमवारी गॅरीनं त्याला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

“सात वर्षांत पहिल्यांदा तू मला खरं काय ते सांगितलंस,” तो म्हणाला. “मला असाच माणूस हवा आहे.”

सुबोधला हायसं वाटलं, पण क्षणभरच. गॅरीनं सांगितलं की तुआसच्या ऑफिसमधला विभाग आणि त्यांचा विभाग एक होणार आहे. एक माणूस जास्तीचा ठरतो. आपल्याच विभागातला लिम, नाहीतर प्रियदर्शिनी. दोघांच्या कामाची तुला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. कोण जाणार ते तू सांगायचं, या महिनाअखेरीपर्यंत. आणि नव्या विभागाची सूत्रं तुझ्याकडे येतील. पासचे कागद त्या हुद्द्यावरच पाठवू, म्हणजे नकाराचा प्रश्न येणार नाही.

सुबोध म्हणाला की दोघांनाही ठेवता येईल, काम आहे तेवढं. गॅरीनं मान हलवली. वरून आकडा ठरून आला होता. सुबोध म्हणाला, मग तुम्हीच ठरवा.

“मी लिमशी बारा वर्षं भांडतो आहे. माझ्याच्यानं होणार नाही,” गॅरी म्हणाला. “आणि उबीनला तुला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.”

प्रियदर्शिनी नागपूरची. तिशीतली, हुशार, कामाला वाघ. तिच्या घराण्यात इंजिनियर झालेली ती पहिलीच मुलगी. वेळापत्रकांची नवी संगणकप्रणाली जवळजवळ तिनंच उभी केली होती. तिचा पासही कंपनीशी बांधलेला, म्हणजे ती गेली की महिन्यात देशाबाहेर. लिम निदान स्वतःच्या देशात, स्वतःच्या घरात राहणार होता. पण या वयात त्याला दुसरी नोकरी कोण देणार? आणि नव्या प्रणालीवर त्याचा हात बसत नव्हता हेही खरं. रोज दुपारी तो प्रियदर्शिनीला हाक मारायचा आणि ती न कुरकुरता त्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहायची.

सुबोधनं त्या रात्री जेवताना अनघाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, सरळ नाही म्हण, हे तुझं काम नाही. त्यानं विचारलं, नाही म्हटलं तर?  आतल्या खोलीत जाई मोठ्यानं रसायनशास्त्राची समीकरणं घोकत होती. थोड्या वेळानं अनघा ताटं उचलता उचलता म्हणाली, “जे करशील ते आपण दोघांनी केलं असं समज. उद्या मला दोष देऊ नकोस, आणि स्वतःलाही एकट्याला नको.”

पुढचे दिवस वाईट गेले. शुक्रवारी तिघं जेवायला गेले. गॅरीनं ऑर्टेगाचा विषय काढलाच नाही, लिमनं काढला. नव्या गावात त्याचं कसं स्वागत झालं ते तो रंगवून सांगत होता. सुबोध चिकनचे तुकडे आणखी बारीक करत राहिला. दोन्ही बाजूंना माणसं, पाठीमागे भिंत, समोर लिम. उठून जावं तरी काय सांगून जावं?

महिना संपायच्या आत त्यानं गॅरीला लिमचं नाव सांगितलं. कारणंही सांगितली, आणि ती खोटी नव्हती. तरी ती कारणं होती की सबबी, हे त्याला स्वतःला सांगता आलं नसतं. एकच अट त्यानं घातली. लिमला कंपनीच्या माणसानं सांगण्याआधी मी सांगेन. गॅरी तयार झाला. त्याला बरंच वाटलं असावं.

सुबोध लिमला खाली कॉफीच्या स्टॉलवर घेऊन गेला. लिमनं नेहमीसारखी बिनदुधाची कॉफी घेतली. सुबोधनं आडवळण न घेता सांगितलं, आणि नाव मी दिलं, हेही सांगितलं. लिमनं कप खाली ठेवला.

“मला वाटलंच होतं,” तो म्हणाला. “पण वाटलं होतं, गॅरी देईल.”

“गॅरीच्यानं झालं नाही.”

लिम समोरून जाणाऱ्या केबल कारकडे वळला. मग त्यानं विचारलं, “ऑर्टेगाचे गुडघे टीव्हीवर दिसायचे. माझं काय दिसलं तुला?”

सुबोधपाशी उत्तर होतं. नवी प्रणाली, चुकलेल्या नोंदी, प्रियदर्शिनीचे वाया जाणारे तास. त्यातलं एकही त्याच्या तोंडून बाहेर पडलं नाही. लिमनं वाट बघितली, कॉफी संपवली, आणि जाताना त्याच्याशी हात मिळवला. तो हात सुबोधला जास्त जड गेला.

मार्चमध्ये पास आला. अनघानं शिरा केला. जाईनं विचारलं की लिम अंकलच्या जागी आता कोण आलं, आणि कुणीच नाही हे ऐकून ती शिरा तसाच ठेवून आपल्या खोलीत गेली. प्रियदर्शिनीला झाला प्रकार कुठून तरी कळला होता. ती सुबोधला आता ‘सर’ म्हणू लागली आणि त्याच्या समोर फार जपून बोलू लागली. त्यानं तिला दोनदा सांगितलं की सर नको म्हणू. ती हो म्हणाली आणि पुन्हा ‘सर’च म्हणाली. कुठल्याही बैठकीत त्यानं काही सुचवलं की सगळ्यात आधी तिची मान डोलायची. ते दिसलं की तो समोरच्या कागदांत बघू लागायचा.

मोठी खुर्ची मिळाल्यावर तरी शुक्रवार सुटेल असं त्याला वाटलं होतं. सुटला नाही. टेबलाशी आता दोघंच असत. गॅरी तावातावानं काही मुद्दा मांडायचा आणि उलट उत्तर येईना म्हणून मधेच थांबायचा. नवा हंगाम तोंडावर आला होता. ऑर्टेगाच्या जागी आलेल्या पोराला लगेच खेळवावं की नाही, यावर त्याला भांडायचं होतं. एका शुक्रवारी त्यानं काटा खाली ठेवला.

“असं जमत नाही. तू लिमची बाजू घे.”

“लिमची?”

“लिम असता तर काय म्हणाला असता? तुला माहीत आहे. तू एवढी वर्षं ऐकलं आहेस.”

सुबोधला माहीत होतं. लिम कुठल्या शब्दानं सुरुवात करायचा, कुठं हसायचा, कुठल्या जुन्या सामन्याचा दाखला काढायचा, सगळं माहीत होतं. समोर गॅरी वाट बघत होता. पलीकडच्या टेबलावर कुणीतरी टिश्यूचं पाकीट ठेवून जागा धरली होती. बाकी सगळीकडे माणसंच माणसं.

सुबोधनं ताट बाजूला सारलं आणि लिमच्या बाजूनं बोलायला सुरुवात केली. गॅरी भांडू लागला. जेवणाची सुट्टी संपली तरी दोघं उठले नाहीत.