ओल्या हातांची गिटार

आमच्या भीमगीतांच्या ग्रुपमध्ये गिटार वाजवणारी ताई सिन्नरच्या एमआयडीसीत क्लार्क आहे. कुणी हात पुढे केला की ती लगबगीने नमस्कार करते, कारण तिच्या तळव्यांना बारमाही घाम येतो. स्टेजवर तर फारच. दोन गाण्यांच्या मध्ये ती आधी हात पुसते, मग तारा, आणि स्वतःशीच म्हणते, "हं, चला."

एप्रिलमध्ये नाशिकरोडच्या एका कॉलनीत कार्यक्रम होता. उकाडा भयंकर. तिचे घामेजलेले हात पाहून आयोजक म्हणाले, "ताई, आम्ही रेकॉर्डेड ट्रॅक लावतो. तुम्ही गिटार घेऊन नुसत्या उभ्या राहा."

"नुसतं उभंच राहायचं असतं तर घरी राहिले असते, सर."

पहिल्याच गाण्यात तिचं बोट तारेवरून घसरलं आणि भलताच सूर लागला. पुढे बसलेले काहीजण हसले. मी ढोलकी तशीच रेटत होतो. तिने मला थांबवलं आणि ती माइकपाशी गेली.

"हाताला घाम आलाय. पुसते आणि पहिल्यापासून वाजवते."

तिने सावकाश एकेक बोट पुसलं. घाम आता मला फुटला होता. मग तिने अख्खं गाणं वाजवलं, कुठेही न अडखळता. टाळ्या थांबेनात, तेव्हा ती माझ्याकडे वळून म्हणाली, "पुढचं अजून फास्ट घे, भाऊ."